चंगळवाद कुणाचा, हिशोब कुणाचा

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाने मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. दोन दिवसांची कार्यशाळा. बॅनरवर विषय लिहिला होता, 'कन्झ्युमरिझम, सस्टेनेबिलिटी अँड क्रिएटिव्ह प्रॉब्लेम सॉल्व्हिंग'. बॅनर फ्लेक्सचा होता, ते सोडून देते.

बाहेरगावाहून आलेले प्रशिक्षक तरुण होते, बोलायला गोड होते. त्यांनी मुलांना पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या कपाटात सहा महिन्यांत एकदाही न घातलेले किती कपडे आहेत?" सभागृह गप्प. परत विचारलं. मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "दोन." प्रशिक्षक खूश झाले. "फक्त दोन? छान! म्हणजे तुम्ही आधीच सस्टेनेबल आहात." मुलगा गोंधळला. "नाही सर, एकूण दोन ड्रेस आहेत."

पोरं हसली. प्रशिक्षकही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. तिथे ऑनलाइन खरेदी होती, विमानप्रवास होता, फास्ट फॅशन होती.

समोर बसलेली मुलं कोण होती ते सांगते. निम्मी जिवतीच्या डोंगरावरून आणि कोरपन्याच्या बाजूच्या खेड्यांतून एसटीने येणारी. त्यांत गोंड आहेत, कोलाम आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा होतो. गडचांदूरच्या मुलांचे वडील बहुतेक सिमेंटच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे, नाहीतर ट्रकवर, नाहीतर बाजारपेठेत लहानसहान धंदा करणारे. आमच्या मोहल्ल्यातल्याही पाच-सहा मुली होत्या. या मुलांना कमी वापरा म्हणून सांगायला कुणीतरी प्रवासखर्च घेऊन आलं होतं.

दुसऱ्या दिवशी 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'. बाटल्यांची पेनस्टँडं, जुन्या सीडींची तोरणं, वर्तमानपत्राच्या टोपल्या. बाटल्या कमी पडल्या, तेव्हा कँटीनमधून पाण्याच्या बाटल्यांचं आख्खं खोकं मागवलं आणि त्यातलं पाणी कुंड्यांना घातलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका मुलीने मात्र पेनस्टँड केलं नव्हतं. तिने स्टीलची चार ताटं आणली होती. सात दिवस तिने एक ताट घराच्या गच्चीवर रस्त्याच्या बाजूला ठेवलं होतं, एक कारखान्याच्या दिशेला, एक मागच्या परसात. प्रत्येकात मोजून पाणी घातलेलं, म्हणजे पडलेली धूळ वाऱ्याने उडू नये. पाणी आटल्यावर ताटं सोनाराकडे नेऊन त्याच्या काट्यावर तोलली. नेण्याआधी कोरी ताटं तोललेली होतीच. मी विचारलं, "चौथं ताट कशाला?" म्हणाली, "मॅडम, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार लई आहे. पाणी आटलं की पांढरा थर बसते. म्हणून तेवढंच पाणी घालून एक ताट घरात झाकून ठेवलं. त्याचं वजन बाकीच्यांतून वजा केलं."

बीएडला आम्हाला नियंत्रित गट शिकवला होता. पाठ करून परीक्षेत लिहिला आणि विसरले. या मुलीला तो शब्द माहीत नव्हता, पण गोष्ट तिने स्वतःहून शोधून काढली होती.

उत्तरही तिला अपेक्षित नव्हतं तेच आलं. सगळ्यांत जास्त धूळ रस्त्याकडच्या ताटात. कारखान्याकडच्या ताटात त्याहून कमी. म्हणजे निदान तिच्या घरापुरतं तरी धुळीचं मोठं कारण ट्रकांची ये-जा आणि फुटलेला रस्ता. पुढे तिने तीन प्रश्न लिहिले होते: ट्रकांवर ताडपत्री बांधायची जबाबदारी कुणाची? रस्त्यावर पाणी मारायची कुणाची? रस्ता दुरुस्त करायची कुणाची? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतील असं तिला वाटत होतं, आणि ती शोधायला कुठल्या कचेरीत जायचं हे तिला कळत नव्हतं.

मी तिला पहिला क्रमांक दिला. बाकीचे दोन परीक्षक म्हणाले, "विषयाला धरून नाही. यात कन्झ्युमर कुठे आहे?" मी वाद घातला, फार नाही. जेवणाची वेळ झाली होती. पहिला क्रमांक सीडीच्या तोरणाला गेला, त्या मुलीला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि निकालपत्रकावर मी सही केली. ती सही मला अजून टोचते. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

'यात कन्झ्युमर कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही, घरी येताना सुचलं. इंग्रजीतल्या 'कन्झ्युमरिझम' या एका शब्दाला दोन अर्थ आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. एक चंगळवाद. दुसरा ग्राहक चळवळ. पहिल्यात माणूस दोषी असतो, दुसऱ्यात तो हिशोब मागणारा असतो. बॅनर इंग्रजीत असल्याने प्रशिक्षकांना सोय झाली. दोन दिवस ते पहिल्याच अर्थावर बोलले. दुसरा अर्थ आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

उर्दूत तर याहून गंमत आहे. ग्राहकाला 'सारिफ' म्हणतात आणि उधळपट्टीला 'इसराफ'. देवनागरीत लिहिलं तर दोन्हींत तोच स, तोच र, तोच फ, एकाच घरातले शब्द वाटतात. उर्दूत लिहायला बसा म्हणजे फरक दिसतो. सारिफ 'स्वाद'ने लिहितात, इसराफ 'सीन'ने. मूळच वेगळं. खर्च करणारा वेगळा, उधळणारा वेगळा. माझ्या वर्गात सातवीची मुलंसुद्धा यात चुकली तर मी तांबडी रेघ मारते. त्या कार्यशाळेत मोठ्या माणसांनी हीच चूक दोन दिवस केली.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळ नवीन नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं ते 1974 साली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. भेसळ, टंचाई आणि भाववाढीच्या त्या दिवसांत साध्या घरांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक घ्यायचा, आपसात वाटायचा, माल तपासून घ्यायचा, अशी ती युक्ती. याला क्रिएटिव्ह प्रॉब्लेम सॉल्व्हिंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? ही गोष्ट एकाही स्लाइडवर नव्हती. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा, त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा, दोन्हींचा उल्लेख नव्हता. बाटली होती.

बाटलीचीही एक कथा आहे, ती अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्या आणि डबे बाजारात आले, रस्त्याकडेला खच पडू लागला. 1953 साली व्हर्मॉन्ट राज्याने अशा बाटल्यांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच वर्षी डबे-बाटल्या बनवणाऱ्या आणि पेयं विकणाऱ्या कंपन्यांनी मिळून 'कीप अमेरिका ब्युटिफुल' नावाची संस्था काढली. संदेश एकच, कचरा माणसं करतात, माणसांनी सुधारावं. 1971 मध्ये तिची एक जाहिरात फार गाजली. मूळ अमेरिकन आदिवासीच्या वेशातला माणूस कचरा पाहून डोळ्यांतून एक थेंब गाळतो. तो नट प्रत्यक्षात इटालियन आईबापांचा मुलगा होता. आदिवासीचे अश्रूसुद्धा भाड्याने! पुढे 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघर पोचवायलाही एका तेल कंपनीच्या जाहिराती कामी आल्या. तेल काढणारे ते, आणि पावलांचे ठसे आपले.

आपल्याकडेही वारा तसाच आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी 'लाइफ' अभियान जाहीर केलं. त्यात माणसाने करायच्या 75 कृतींची यादी आहे, सात गटांत. एकेक कृती चांगलीच आहे, मी कुणाला नळ उघडा ठेवा म्हणत नाही. पण 2016 चे प्लास्टिक कचरा नियमही याच देशाचे आहेत, आणि त्यांत वेष्टनाचा कचरा परत गोळा करायची जबाबदारी ते वेष्टन बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर टाकली आहे. 75 कृतींची पोस्टरं शाळा-कॉलेजांत रंगवून घेतली जातात. त्या नियमाचं एखादं पोस्टर मला अजून दिसायचं आहे.

इथे कुणी म्हणेल, मॅडम, तुमच्या धर्मातही बचत शिकवतात की. शिकवतात. वुजू करताना पाणी वाया घालवू नये, वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी नाही, हे आमच्या मुलांना मकतबमध्ये लहानपणीच कळतं. मी त्यातलं काहीही सोडायला तयार नाही. उलट आमच्याच लोकांना मी चार गोष्टी ऐकवते. रमजानमध्ये इफ्तारीनंतर मस्जिदीबाहेर प्लास्टिकच्या ग्लासांचा ढीग पाहा. लग्नात तीन प्रकारचं गोश्त नसेल तर नाक कापलं जातं आणि अर्धी बिर्याणी उकिरड्यावर जाते. हा इसराफ आहे, सीनने लिहायचा. पण त्याच कुरआनात माप मारणाऱ्यांच्या नावाने एक सूरत आहे, सूरह मुतफ्फिफीन. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना हात आखडणारे, त्यांच्याबद्दल ती आहे. आमचे मौलाना ती किराणा दुकानदाराला ऐकवतात. मला वाटतं, तराजू फक्त दुकानात नसतो.

म्हणून कार्यशाळेनंतर मी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना घेऊन एक तराजू मांडला. यात त्या ताटांवालीही होती. विषय, सिमेंटचं एक पोतं. आमच्या गावात सगळ्यांच्या ओळखीची वस्तू. 50 किलोचं. मी भाषेची शिक्षिका, म्हणून रसायनशास्त्राच्या सरांना बसवून घेतलं. राखमिश्रित सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के औष्णिक केंद्राची राख चालते. आम्ही 30 टक्के धरली, थोडी जिप्सम. उरलं साधारण 32 किलो क्लिंकर. एक टन क्लिंकरला दीड टनाच्या आसपास चुनखडी लागते. म्हणजे एका पोत्यामागे आमच्या जमिनीतली 47-48 किलो चुनखडी. चुनखडी भाजली की शंभरातले 44 भाग वायू होऊन उडतात, म्हणजे 20 किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड. भट्टीतल्या कोळशाचा धूर यात धरलेलाच नाही.

मुलांना इथपर्यंत फार रस नव्हता. पैशाकडे आलो तेव्हा आला. चुनखडीवरचं स्वामित्वधन 2014 साली टनाला 80 रुपये ठरलं. म्हणजे पोत्यामागे पावणेचार रुपये. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या 30 टक्के रक्कम त्यात भरायची, आणि ती खाणींमुळे बाधित झालेल्या गावांवर खर्च करायची. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांना प्राधान्य. पोत्यामागे किती झाले? फळ्यावर एका मुलाने भागाकार केला. एक रुपया पंधरा पैसे. पोतं विकलं जातं साडेतीनशेच्या घरात.

वर्ग एकदम बोलू लागला. माझे वडील रोज इतकी पोती चढवतात, मग रोजचे इतके रुपये आपल्यासाठी? ते कुठे येतात? आपल्या गावात त्यातून काय झालं? कुणी म्हणालं अमुक पाण्याची टाकी त्यातलीच, कुणी म्हणालं नाही, ती आमदार निधीतली. कुणालाच नक्की माहीत नव्हतं. मलाही नाही. या वर्गात मी पंधरा वर्षांत 'पर्यावरण' या विषयावर किती निबंध लिहून घेतले असतील! झाडे आपले मित्र आहेत, इथून सुरू होणारे. एकाही निबंधात एवढे प्रश्न आले नव्हते.

आणि हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं आहे असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यावरून पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला, 50 तासांचा. त्यात पाच तासांचं क्षेत्रकार्य आहे आणि क्षेत्रकार्यात स्पष्ट लिहिलंय की जवळच्या एखाद्या प्रदूषित जागेला भेट द्यावी. आम्हाला कुठे भेट द्यायला जायचं? केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2009 मध्ये देशभरच्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं होतं. जास्त गुण म्हणजे जास्त घाण अशी ती परीक्षा. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना क्षेत्रकार्यासाठी एसटीचं तिकीटही काढायला नको, खिडकी उघडली की पुरे.

प्रत्यक्षात काय होतं? झेरॉक्सच्या दुकानात पर्यावरणाचे प्रकल्प तयार मिळतात. शंभराच्या आत. वर नाव आणि रोल नंबर लिहायला जागा सोडलेली असते. एकदा मी चाळून पाहिलं, आमच्या मुलांनी 'भेट दिलेली' नदी पश्चिम महाराष्ट्रातली होती. चंगळवादावरचा प्रकल्पसुद्धा विकत आणून सादर करायचा, आणि आम्ही शिक्षकांनी त्यावर सही करायची. सह्यांचा आमचा हात बसलेलाच आहे.

मला विचाराल तर मुलांना सर्जनशील करण्यासाठी कार्यशाळेची गरज नाही. प्रश्न निवडायचा हक्क त्यांच्याकडे राहू द्या, एवढं पुरे. बाटलीचं काय करू हा प्रश्न दुसऱ्याने निवडून, उत्तरासकट आणून दिलेला असतो. धूळ कुठून येते हा प्रश्न त्या मुलीचा स्वतःचा होता, आईने वाळत घातलेल्या पापडांवरून आलेला. म्हणून तिला चौथं ताट सुचलं.

याचं मोठं उदाहरण आमच्याच शेजारी आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव महाराष्ट्रभर गेलं. या गावाने काय केलं, तर अभ्यासगट बसवले. गावाबाहेरच्या जाणत्या माणसांना बोलवायचं, पण अभ्यास कशाचा हे गावाने ठरवायचं. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू तोडून विकायला वाहतूक परवाना मिळेना. आणि अडलं एका प्रश्नावर, की बांबू झाड आहे का गवत? 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजलेला, आणि 2006 च्या कायद्यात तोच बांबू गौण वनोपजात. त्याच बांबूवर बल्लारपूरची कागद गिरणी कित्येक वर्षं करारावर चालत आली होती. गिरणीला देताना अडचण नव्हती. गावाने विकायचा म्हटल्यावर तो झाड झाला. मेंढ्याने प्रश्न सोडला नाही. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. किती तोडायचा, कधी थांबायचं, हे पुढे ग्रामसभा ठरवू लागली.

कागद वाचवा म्हणून सांगणाऱ्या आपल्या किती पोस्टरांवर हा बांबू आहे? ती पोस्टरं ज्या कागदावर आहेत त्यात कदाचित असेल.

माझ्यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्या घरातच आहे. कारखान्यांवर गाव जगतं. माझ्या नात्यातली तीन घरं त्याच पगारावर चालतात. सिमेंट नको तर घर कशाने बांधणार? मी कारखाने बंद करा म्हणत नाहीये. ती मुलगीही म्हणत नव्हती, तिच्या ताटाने तर कारखान्याला रस्त्यापेक्षा कमीच दोष दिला. राखेचंच पाहा. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र डोंगरभर राख काढतं, ती सिमेंटमध्ये जाते, तेवढी चुनखडी वाचते. हेही मुलांनी शिकावं. मोजणाऱ्याला भिण्याचं कारण नाही, मोजमापाने कधी निर्दोषही सुटतात. पण आमच्याकडे मोजायला सुरुवात केली की लोक आधी विचारतात, "कुणी सांगितलं तुला हे करायला?"

तोच प्रश्न आमच्या वर्गालाही आला. एक रुपया पंधरा पैशांचं पुढे काय झालं हे विचारायचं ठरलं, तेव्हा अर्ज कुणाच्या नावाने हा मुद्दा निघाला. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही, आणि वर्गात तशी कार्डं बरीच होती. पण दुसऱ्या दिवशी एकेक पोर येऊन सांगू लागलं. "मॅडम, पप्पा नको म्हणतात." "ठेकेदाराला कळलं तर." ताटांवाली तयार होती, तिच्या आईने मला फोन केला. रागावून नाही, अगदी अदबीने. "टीचर, तुम्ही समजून घ्या, पुढच्या साली हिचं लग्न करायचं आहे."

मी समजून घेतलं. अर्ज मुलांनीच लिहिला, मराठीत, चार मुद्द्यांचा. मागच्या पाच वर्षांत गडचांदूर आणि कोरपना तालुक्यासाठी खनिज प्रतिष्ठानातून मंजूर कामं कोणती, रक्कम किती, पूर्ण किती, आणि त्यांत धुळीच्या बंदोबस्तासाठी काय. भाषेच्या तीन चुका मी दुरुस्त केल्या. खाली नाव माझं घातलं. निकालपत्रकावर जशी सही केली होती तशीच, पूर्ण नावाची.

ताटांवालीने पोस्टाची पावती माझ्याकडून मागून घेतली. तिच्या वहीत चिकटवली आहे, ताटांच्या वजनांखाली.